कोरड्या डोणीवरची शीळ

या सदरातील हकिकती मी आजवर केवळ त्यांतल्या चुका काढण्यासाठी वाचत आलो आहे. न्यायालयात कारकून म्हणून रुजू झालो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तेवढ्या काळात शपथेवर खोटे बोलणारी माणसे इतकी ऐकली, की भुताची गोष्ट सांगणाऱ्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : उजेड कशाचा होता? माझ्या स्वतःच्या बाबतीत उजेड भर दुपारच्या उन्हाचा होता. म्हणजे तो बचावही मला उरलेला नाही.

स्थळ : कवठे महांकाळ तालुका, गावाबाहेरचा आमचा माळ. आमचे घराणे वरातीच्या घोड्यांचे. मी कोर्टात गेलो आणि धाकटा भाऊ इलाही याने घोडी सांभाळली. गेल्या वर्षी तो वारला. त्याचा मुलगा तौफिक काही महिन्यांनी लोणंदला कारखान्यात नोकरीस लागला, आणि चांदणी ही पांढरी, गाभण घोडी व तिची मोठी झालेली मुलगी तेजी, अशा दोघी माझ्या जिम्मे आल्या.

माळावर नळ नाही. गावाची पाइपलाइन आमच्या बांधाला लागून जाते, तरीही नाही! शेतजमिनीत जोडणी देता येत नाही, हे पंचायतीचे पहिले उत्तर. टँकर गाईम्हशी-शेळ्यामेंढ्यांसाठी आहे, घोडे हे हौसेचे जनावर, हे दुसरे. मी लेखी विचारले की हे कोणत्या नियमाखाली ठरले? तहान हौसेची असते काय? अर्ध्या तालुक्याचे नवरदेव ज्या पाठीवर बसून मांडवात गेले ते जनावर चैनीचे कसे? खुद्द ग्रामसेवक भाऊसाहेब शेजारच्याच गावचे... त्यांची वरातही चांदणीवरूनच निघाली होती. हेही मी अर्जात लिहिले. उत्तर आले नाही.

आता मुद्द्याचे. इलाहीची एक पद्धत होती. जनावर दगडी डोणीवर पाण्याला लावले की तो शेजारच्या बाभळीला टेकून हलकी, लांब शीळ घाली. एकच सूर, शेवटी किंचित खाली उतरणारा. शिंगरू असल्यापासून चांदणीला तीच सवय. शीळ थांबली की ती तोंड वर काढी. मी तिथे पंचायतीविरुद्ध बोलू लागलो की इलाही आमच्या घरच्या बोलीत म्हणे, “भाई, चिल्लाव नक्को. उने पानी पीरी.” म्हणजे, ओरडू नको, ती पाणी पितेय. त्याच्यामागे तौफिकने ती शीळ कशीबशी चालवली. माझ्या तोंडात कवळी. ओठांतून नुसती हवा जाते. तौफिक गेल्यावर चांदणी पाणी हुंगे आणि मान फिरवी. आई पीत नाही म्हणून तेजीही पीत नसे.

एके दिवशी सकाळी जनावरांचे डॉक्टर माळावरच्या पाण्याच्या टाकीत डोकावून म्हणाले, “टाकीला वास येतोय, आधी ती साफ करा. पण आज पाणी पोटात गेलं नाही तर घोडीचं आणि पोटातल्या जिवाचं मी काही सांगू शकत नाही.” टँकर दुपारपर्यंत देतो, असे पंचायतीने अखेर फोनवर कबूल केले होते. म्हणून मी लगेच ती जमिनीतली टाकी पूर्ण उपसली. शेजारची दगडी डोण घासून उन्हात कोरडी केली. माळावर पाण्याचा थेंब उरला नव्हता. हे मी स्वतःच्या हाताने केलेले आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

तळाचा गाळ काढायला शिडीवरून टाकीत उतरलो. शेवटच्या पायरीवरून पाय सरकला, शिडी आडवी होऊन मोडली, आणि मी गुडघ्यावर पडलो. वर हात पुरेना. शर्ट बाभळीला अडकवलेला, खिशात मोबाइल. तो वाजत होता... वाजून थांबत होता. वर आभाळाचा चौकोन, बाजूला सिमेंटच्या भिंती, श्वासागणिक तापत जाणाऱ्या. मी ओरडलो. माझा आवाज कोर्टाच्या आवाराबाहेर जात असे. टाकीत तो भिंतींवर आपटून माझ्याच कानांत परत येई. ओरडून घसा कोरडा पडला. टँकर आला नाही. तो येईल यावर विश्वास ठेवणारा गावात मी एकटाच होतो.

आणि मग वर शीळ ऐकू आली.

एकच सूर, शेवटी उतरणारा. त्यापाठोपाठ टापा, दगडावर नाल घासल्याचा आवाज आणि घोट. घोडी पिताना पाणी घशातून उतरते ते शेजारी उभ्या माणसाला ऐकू येते. मी ते लहानपणापासून ऐकलेले आहे. तिथे चूक होणे नाही.

तौफिक आला असे वाटून मी हाक मारली. शीळ तुटली. घोट थांबले. चांदणी फुरफुरली, पाय आपटू लागली. मी थांबलो तशी शीळ पुन्हा सुरू झाली, घोटही. मी पुन्हा ओरडलो : “अरे, मी टाकीत आहे!” पुन्हा सारे बंद.

तिसऱ्यांदा तोंड उघडले आणि तसेच मिटले. वर जो कोणी होता तो निघून गेला असता तर मी त्या भट्टीतून जिवंत निघालो असतो की नाही, ठाऊक नाही. पण मी ओरडलो की ती पिणार नव्हती. मी दोन्ही हात तोंडावर दाबले आणि गाळात बसून राहिलो. हक्क माझ्या बाजूने असताना आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसलो. चांदणी सावकाश प्याली. मग तेजी प्याली. मग शीळ थांबली. दूर जाणारी पावले मात्र ऐकू आली नाहीत.

बऱ्याच वेळाने मोटारसायकल वाजली.

“चाचा! आवं, कुठं हाय तुमी? टँकर सोडायच्या आधी पाहणीला आलोय!” ग्रामसेवक भाऊसाहेब.

“टाकीत!”

“टाकीत काय करताय?”

“आपल्या उत्तराची वाट पाहतोय!”

चौकोनात पंचायतीचा शिपाई संपत याचे तोंड दिसले. “चाचा, लय दिसांनी घावलासा. रीतसर अर्ज करा, मग वर काढतो!” पण हसता हसता त्याने दोर आणला आणि दोघांनी मला ओढून घेतले.

वर आल्यावर आधी डोण पाहिली. कोरडी ठणठणीत, तळाशी बाभळीची पाने. संपतने हात लावून मागे घेतला. “तव्यावानी तापलीया की!” चांदणीच्या हनुवटीवरून मात्र पाणी ठिबकत होते. छाती भिजलेली. तेजीचे ओठ ओले.

“घोड्या तर पोटभर प्याल्यात,” भाऊसाहेब म्हणाले. “मग टंचाई कसली लिहू? कुनी पाजलं?”

मी तौफिकला फोन लावला. मागे यंत्रांचा खडखडाट; तो लोणंदलाच होता. माळाच्या चारी दिशांना माणूस नव्हते. संध्याकाळी डॉक्टरांनी तपासले. “छान! कसं पाजलंत?” असे विचारून माझे अभिनंदनही केले.

भाऊसाहेबांना मी डोणीशीच म्हणालो होतो, “जनावरे पाणी प्यालेली आहेत. कोणी पाजले, ते मला सांगता येत नाही.”

“म्हंजी पाण्याची सोय हाय,” ते म्हणाले, आणि टँकर नामंजूर झाला. अपील केले आहे. पण घोड्या त्या दिवशी तहानलेल्या होत्या असे शपथेवर लिहिणे म्हणजे खोटे बोलणे. आणि खरे लिहावे, तर कोणाचे नाव लिहू? ज्या कायद्याच्या बळावर उभा जन्म भांडलो, त्यानेच मला त्या टाकीत पुन्हा उतरवून ठेवले आहे.

सध्या टेम्पोने बॅरल आणून डोण भरतो. शीळ पुन्हा ऐकलेली नाही. चांदणी डोणीशी येते, बाभळीकडे कान टवकारते, थोडी थांबते आणि मग पिते. ती सुखरूप व्याली. शिंगरू आता डोणीत तोंड घालू लागले आहे. त्याने इलाहीला कधी पाहिलेले नाही, त्याची शीळ ऐकलेली नाही. पिण्याआधी तेही त्याच बाभळीकडे कान लावून उभे राहते.

याचा खुलासा माझ्याकडे नाही. ती तिघे पाणी पीत असतात, तेवढा वेळ मी बोलत नाही.