बगळीवरची खुर्ची

वंगणभाऊंचं घर आणि त्यांच्या साडूचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही पातळ. पलीकडे साडू शिंकला की अलीकडे वंगणभाऊंचा चेहरा असा व्हायचा, जणू ती शिंक यांना येणार होती आणि त्याने मध्येच पळवली.

दोघांनी दोन सख्ख्या बहिणी केलेल्या. थोरली साडूंना, धाकटी यांना. दोघे तीस वर्षं एकाच रेती-गोट्यांच्या खाणीवर, एकाच यंत्रावर. साडू वर खुर्चीत बसून यंत्र चालवणार, हे खाली ग्रीसगन घेऊन त्याच्या सांध्यासांध्यात वंगण भरणार. त्यामुळे साडूंना सगळी खाण उस्ताद म्हणायची आणि यांना वंगणभाऊ. उस्ताद ही पदवी झाली. वंगण हा डाग. हे मी म्हणत नाही, वंगणभाऊच म्हणायचे.

मी तिथे वजनकाट्याच्या खिडकीत बसायचो. एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत मला काम नसायचं, पण डोळे आणि कान असायचे. त्याला माझा इलाज नव्हता.

यंत्राचं कागदावरचं नाव ड्रॅगलाइन. आम्ही तिला बगळी म्हणायचो, कारण ती पाण्याच्या काठाला मान लांब करून उभी असायची आणि मानेच्या टोकावरून तिची बकेट लोंबायची. आजच्या खोदयंत्रांना तेलाच्या दाबाचं बळ असतं. त्यांना कोपर असतं, मनगट असतं, कोणीही शहाणा चार दिवसांत शिकतो. बगळीला कोपर नाही आणि मनगटही नाही. तिच्याकडे फक्त तारेचे दोन दोर, एक बकेट उचलायला आणि एक ओढायला. दोन्ही दोन ड्रमांवर गुंडाळलेले. इंजिन आपलं गरगरत राहायचं. दांडी ओढली की एक पट्टा ड्रमाला मिठी मारायचा आणि ड्रम फिरायचा, दांडी सोडली की ड्रम मोकळा.

एवढ्या भांडवलावर उस्ताद काय करायचे? बकेट आधी बगळीच्या पोटाशी ओढून घ्यायचे, मग सोडून द्यायचे. ती झोपाळ्यासारखी पुढे जायची. झोका पुरा व्हायच्या किंचित आधी ते उचलायचा दोरही मोकळा करायचे, आणि ते एवढं मोठं लोखंड मानेच्या टोकापलीकडे बारा हात उडत जाऊन पाण्यात पडायचं. लवकर सोडलं तर पायाशी पडणार. ब्रेक उशिरा लागला तर दोर ड्रमवर पक्ष्याच्या घरट्यासारखा विस्कटणार आणि अर्धा दिवस तो सोडवण्यात जाणार. उस्तादांचं घरटं तीस वर्षांत मी एकदाच पाहिलं, आणि त्या दिवशी वंगणभाऊंनी मला स्वतःहून चहा पाजला.

पण एक गोष्ट खरी. पट्टा तापला की त्याची पकड बदलते. सकाळचा पट्टा दुपारी तोच राहत नाही. म्हणून दिवसातून दोनदा वंगणभाऊ पाना घेऊन मागे जायचे आणि पट्ट्याचा नट अर्धा आटा आवळायचे किंवा अर्धा आटा सोडायचे. उस्तादांनी वरून काही सांगायच्या आत हे झालेलं असायचं. उस्तादांचा हात हलका, त्यांना पट्टा ढिला लागायचा. वंगणभाऊंचा हात आखूड आणि जड. पण त्यांचा हात कोण विचारतो?

एकदा खाणीवर फोटोवाला आला. फोटो झकास निघाला. उस्ताद खुर्चीत, मागे बगळीची मान, आणि कडेला वंगणभाऊंचं एक कोपर. थोरल्या बहिणीने तो फोटो चौकटीत बसवून टांगला, तोही नेमका मधल्या भिंतीवर. खिळा असा ठोकला की त्याचं टोक अलीकडे वंगणभाऊंच्या खोलीत बाहेर आलं. त्यांनी हातोडी घेतली आणि टोक परत पाठवलं. पलीकडे फोटो पडला.

"अहो, ताईच्या घरात फोटो आहे तर असू दे ना," धाकटी म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

"माझं कोपर जातंय!"

बिचाऱ्याला सबंध आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती ग्रीसगन. ती फडक्यात गुंडाळून रोज घरी यायची, उशाशी निजायची. बायकोने ती एकदा सांडशीच्या शेजारी ठेवली म्हणून दोन दिवस अबोला. उस्तादांनी एकदा गंमत म्हणून हात लावला तर हे म्हणाले, "भाऊ, मी कधी तुमच्या खुर्चीला हात लावलाय?" आणि खरंच लावला नव्हता. झाडायचे रोज, पण फडक्याने.

पुढे तेलाच्या दाबाची यंत्रं आली, बगळी गवतात गंजत पडली. दोघेही म्हातारे झाले, मग खाणही बंद पडली. जुन्या मालकांच्या मुलीने, म्हणजे आताच्या मालकीणबाईंनी, त्या खड्ड्याचं तळं करायचं ठरवलं. काठावर बाग करायची आणि बागेत बगळी कायमची उभी करायची. पण त्याआधी एका रविवारी तिने सगळ्यांसमोर शेवटची रेती उपसावी, अशी बाईंची हौस.

बगळीला जागी करायला माणूस एकच होता. वंगणभाऊ पाच महिने तिच्या पोटात होते. गंज खरवडला, नवे दोर चढवले, पट्ट्यांना नवं अस्तर लावलं. अडुसष्टाव्या वर्षी माणूस विशीतल्यासारखा शिट्टी वाजवत घरी यायचा. धाकटी मला म्हणाली, "ह्यांना वाटतंय या वेळी खुर्चीत हेच बसणार. तोंडाने बोलत नाहीत, पण रोज आरशासमोर दांड्या ओढतात."

आता माझं चुकलं असेल. मी फक्त एवढंच त्यांच्या कानावर घातलं, की मालकीणबाईंनी खुर्चीसाठी नवी गादी शिवायला दिली आहे आणि मापासाठी उस्तादांना बोलावणं गेलं आहे.

वंगणभाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. "माप? त्या खुर्चीचं माप मला विचारा! तीस वर्षं ती माझ्या डोळ्यात बसली आहे!"

गुरुवारी दुपारी मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते मागे पट्ट्यापाशी वाकले होते. नट आवळत होते. अर्धा आटा, मग आणखी अर्धा, मग आणखी एक. मला कळलं. बगळी ते स्वतःच्या जड हाताला जुळवत होते. उस्तादांच्या हलक्या हाताने दांडी नुसती ओढली तरी पट्टा कचकन धरणार, बकेट माकडासारखी उडी मारणार आणि चारचौघांत उस्तादांचं नाक कापलं जाणार.

"भाऊ, जरा जास्त होतंय," मी म्हणालो.

"चहात साखर कमी आहे," ते म्हणाले.

शुक्रवारी तालीम. उस्ताद वर चढले, चौऱ्याहत्तर वर्षांचे, कठडा धरून एकेक पायरी. इंजिन धडधडायला लागलं. त्यांनी दांडीला दोन बोटं लावली. ड्रमने हिसका दिला, बकेट उसळली, बगळी मुळापासून हादरली. मालकीणबाई दोन पावलं मागे सरकल्या. उस्तादांनी बकेट हळूच खाली टेकवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. वंगणभाऊ आपल्या बुटांकडे बघत होते.

"हा पट्टा माझ्या हाताचा नाही," उस्ताद शांतपणे म्हणाले. "ज्याच्या हाताचा आहे त्याने बसावं."

"भाऊ, तसं नाही..."

"तसंच आहे. पाच महिने खपलात तुम्ही, आणि मला सरळ सांगायला जीभ झडली होती का? साडू आहोत की सवती?"

सगळे हसले. वंगणभाऊही हसले, पण कान लाल. मला वाटतं त्यांना भांडण हवं होतं. भांडून मिळालेली खुर्ची वेगळी असते. ही तर साडूने शिळी करून दिली होती.

रविवारी सकाळी काठावर माणसांची भिंत. जुने कामगार, त्यांची नातवंडं, आणि पुढच्या रांगेत दोघी बहिणी. थोरलीचा चेहरा असा, जणू तिच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच बाईने चूल पेटवली आहे. धाकटीने नवी साडी नेसली होती आणि ती मुद्दाम ताईच्या पुढे अर्धं पाऊल उभी होती.

वंगणभाऊ गादीवर बसले. पाय नीट पोचेनात, गादी उस्तादांच्या मापाची. तसेच पुढे सरकले. पहिली फेक केली, दोर लवकर सुटला आणि बकेट थपकन पायाशी पडली. थोरलीला खोकला आला.

दुसरी फेक मानेच्या टोकाखाली. बरी म्हणायची.

तिसरीला त्यांनी ओठ दाताखाली धरला, झोका जाऊ दिला, आणखी जाऊ दिला, आणि सोडला. बकेट मानेच्या पार पलीकडे गेली, नऊ हात, आणि पाणी असं उडालं की पुढची रांग ओली झाली. टाळ्या, शिट्ट्या! धाकटी ताईकडे वळून काहीतरी म्हणाली. ते मला ऐकू आलं नाही, याचं मला आजही दुःख आहे. वंगणभाऊंनी ब्रेक लावला. तीस वर्षं ज्या उंचीकडे मान वर करून बघितलं, तिथून त्यांनी आता खाली बघितलं.

खाली उस्ताद उभे होते. अंगात वंगणभाऊंनी वर चढण्याआधी काढून ठेवलेला जुना कोट, खांद्यावर वंगणभाऊंचं फडकं, हातात वंगणभाऊंची ग्रीसगन. ओढायचा दोर जिथून आत शिरतो त्या कप्पीपाशी वाकून ते दोन फेकींच्या मध्ये मन लावून वंगण भरत होते. चेहऱ्यावर अशी मजा, की मी त्या माणसाला कधी एवढं खूश पाहिलं नव्हतं. आणि धाकटी, वंगणभाऊंची स्वतःची बायको, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "भावोजी, किती निगुतीने करता हो! थेंब सांडत नाही तुमच्या हातून!"

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. वंगणभाऊंनी बकेट काठावर आणून टेकवली, ब्रेक अडकवला आणि अडुसष्ट वर्षांचा माणूस पायऱ्या न मोजता खाली आला.

"तीन दाब!" ते ओरडले. "त्या कप्पीला तीनच दाब लागतात! तुम्ही पाच दिलेत, मी मोजले वरून!"

"पाच दिले तर काय बिघडलं?"

"बाहेर येईल, दोरावर जाईल, रेती चिकटेल! द्या ती इकडे."

"थांबा हो. तीस वर्षं मागतोय, आज हातात आली."

"द्या म्हणतो ना!"

दोन म्हातारे एका ग्रीसगनला धरून ओढत होते. मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी तळ्याकडे बघायला लागलो.

शेवटी उस्तादांनी सोडली. "बरं, घ्या. पण मग वर कोण बसणार?"

"कोणीही बसा," वंगणभाऊ फडक्याने गन पुसत म्हणाले. "ही मी कोणाला देणार नाही."

उस्ताद एकेक पायरी चढून वर गेले. गादीवर बसले, ती बरोबर त्यांच्या मापाची. त्यांनी दांडीकडे हात नेला, मग थांबले. कारण वंगणभाऊ गन काखेत मारून पाना घेऊन मागे गेले होते. कोणी सांगितलं नव्हतं. एक आटा सोडला, मग अर्धा, मग वर मान करून उस्तादांच्या हाताकडे जरा वेळ पाहिलं आणि आणखी अर्धा सोडला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, ती प्रार्थना नसावी.

"हं," ते म्हणाले. "ओढा."

ती फेक मी पावलांनी मोजून आलो आहे, म्हणजे काठाकाठाने जेवढी मोजता येते तेवढी. चौदा हात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. थोरलीने डोळ्याला पदर लावला. धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. तो वरच्याला पडणाऱ्या टाळ्या ऐकत खाली कप्पीला वंगण देत होता. तीन दाब, एक जास्त नाही.

आता बगळी बागेत उभी आहे. इंजिन काढून टाकलंय, खुर्चीला काच लावलीय. जी वस्तू पुन्हा कधी हलायची नाही, तिला वंगणभाऊ दर सोमवारी वंगण देतात, आणि बागेच्या पहारेकऱ्याने हटकलं तर त्याच्याशी भांडतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती चौदा हातांची फेक दाखवतात, पाण्यातली जागा बोटाने दाखवतात.

"उस्तादांची फेक ना?" मी परवा मुद्दाम विचारलं.

"हात त्यांचा होता," वंगणभाऊ म्हणाले. "दोन आटे कोणी सोडले?"

आणि जाता जाता आठवलं म्हणून त्यांनीच विचारलं, त्या दिवशी फोटो कोणी काढला होता का, आणि काढला असेल तर आपण त्यात पूर्ण आलो आहोत का. मी पाहिलाय तो फोटो. थोरलीकडे आहे, अजून टांगायचाय. सांगू का नको, याचा विचार करतोय.