हौदाच्या काठावर

संशोधन केंद्रावर तिला सगळे पेटीवाली म्हणत. कापणीनंतर उरलेलं काड ज्या वाफ्यांत गाडलेलं असे, त्यांवर ती पत्र्याच्या पेट्या पालथ्या घालायची, थोडा वेळ थांबायची आणि बुचातून सुई घालून आतली हवा काचेच्या कुपीत भरून घ्यायची. मातीतले जिवाणू काड खातात आणि वायू सोडतात. किती, ते प्रयोगशाळेतलं यंत्र सांगे. तिचा नवरा तोंडाचा फटकळ. चारचौघांत म्हणायचा, "आमची ही शेताचे पाद मोजते, आणि वर त्याचा पगार घेते!" सगळे खो खो हसत. तीही हसायची.

घरचं शेत नवरा आणि धाकटा दीर मिळून बघत. काड जाळणं बंद केलं ते तिच्यामुळे. "मातीचं आहे ते मातीलाच द्या," म्हणून तिने नवऱ्यामागे भुणभुण लावली. सासूबाई कुरकुरल्या, "एक काडी ओढली की शेत मोकळं. ही नसती उठाठेव कशाला?" पण नवऱ्याने मनावर घेतलं. घरामागे खोल हौद बांधला, वर स्लॅब टाकला आणि माणूस उतरेल एवढंच तोंड ठेवलं. आत काड, शेण, पाणी आणि केंद्रावरून आणलेलं जिवाणूंचं विरजण. वर्षभरात माती अशी भुसभुशीत झाली, की सासूबाईही गप्प बसल्या.

उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, आत वायू साठतो, हे तिने नवऱ्याला सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि बजावणं वेगळं.

त्या सकाळी हौदातल्या पंपाचा पाइप तुंबला आणि तो मोकळा करायला नवरा आत उतरला. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. "दादा! अरे दादा!" दिराची हाक ऐकून ती धावली. नवरा खाली चिखलात दुमडून पडला होता. दिराचा एक पाय शिडीवर गेलाही होता. तिने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली.

"भाऊजी, उतरू नका! आत हवा नाही!"

"सोडा वहिनी! दादा मरेल!"

"तुम्हीपण मराल!"

त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. तिने हौदाच्या कठड्यात पाय अडकवले आणि मिठी आवळली. सासूबाई धावत आल्या. "सोड त्याला! भाऊ आहे, काढेल तो!"

"आई, दोर आणा! गळ आणा कुणाकडून तरी!"

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. शेजारचा सुतार ओरडा ऐकून गळ आणि दोर घेऊन आला. नवऱ्याच्या पट्ट्यात गळ अडकेपर्यंत फार उशीर झाला होता. वर काढला तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते. तिने छाती दाबली, तोंडाने हवा भरली. काही उपयोग झाला नाही.

"दुसरा उतरला असता, तर दोन प्रेतं आली असती," दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर होता का तिथे बघायला?" सासूबाई म्हणाल्या.

भेटायला येईल त्याला त्या तेच सांगत. "माझा थोरला तडफडत होता, आणि हिने धाकट्याला धरून ठेवलं." यात खोटं काहीच नव्हतं. हौद बांधायला लावला तोही तिनेच. आपण बरोबर केलं, हे तिच्या डोक्याला कळत होतं; तरी घरामागे जायचं ती टाळू लागली. इतकी वर्षं तिने हा वायू कुपीतच पाहिला होता, यंत्राच्या कागदावरचा आकडा म्हणून.

दीर तिच्या नजरेला नजर देईना. पुढे तो सुताराला घेऊन हौद बुजवायला लागला. ती पाणी घेऊन गेली. सुतार माती आणायला गेला, तेव्हा दीर खाली बघतच म्हणाला, "वहिनी, तुम्ही धरलंत खरं. पण तुमची ताकद ती किती? मला सुटता आलं असतं."

तिने तांब्या कठड्यावर ठेवला.

"मी जोर सोडला. दादा खाली दिसत होता आणि मी जोर सोडला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आईला सांगू नका."

"नाही सांगणार."

"ती तुम्हाला बोलते..."

"बोलू देत. एक मुलगा तरी त्यांना धड राहू दे."

त्याने तांब्या घेतला, पण पाणी न पिताच खाली ठेवला.

पुढच्या कापणीनंतर त्याने काड पेटवलं. तिला विचारलं नाही, तिनेही अडवलं नाही. धूर घरात शिरला तशा सासूबाई खोकू लागल्या. तिने उठून खिडक्या लावल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला गेली. सासूबाईंनी अंग चोरलं. दीर दारात उभा होता. त्याने ते पाहिलं, आणि परत शेताकडे वळला.