भाव विचारणारी बाई

मंजूषा खानवलकर माहेरची ग्वाल्हेरची, लग्नानंतर भोपाळची. सरकार देशभरातली महागाई मोजतं, त्यासाठी दर महिन्याला ठरलेल्या दुकानांत जाऊन भाव टिपून आणायचे, हे तिचं कंत्राटी काम. तूरडाळ, साबण, शर्टाची शिलाई, सगळ्याचे भाव. दुकानदार तिला ‘भाववाली दीदी’ म्हणत.

दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात खाद्यतेल भडकलं. सूर्यफुलाचं तेल युद्धाच्या मुलखातून यायचं, ते अडकलं होतं; पामतेल विकणाऱ्या देशानं निर्यात थांबवली होती. वर डॉलर महाग. साहू किराणावाल्याकडे गेलं की मंजूषाला दर वेळी जास्तच आकडा मिळायचा. थोड्याच दिवसांत महागाई आवरायला म्हणून रिझर्व्ह बँकेनं व्याजदर वाढवला, मग पुन्हा, मग पुन्हा.

भोपाळमध्ये बाग सेवनियातला त्यांचा फ्लॅट कर्जाचा होता, आणि कर्ज बदलत्या व्याजाचं. हप्ता फुगत चालला. तिचा नवरा रवींद्र शहराबाहेर मंडीदीपच्या कारखान्यात फोरमन. स्वभावानं अबोल माणूस, पण त्या दिवसांत घरात येरझाऱ्या घालायचा. बातम्या लागल्या की उठून गच्चीत जायचा, लगेच परत यायचा. मंजूषाचंही चित्त थाऱ्यावर नसे. बाजारात भाव विचारताना समोरच्यानं कमी सांगावं असं तिला आतून वाटू लागलं होतं, आणि तसं वाटल्याची तिला भीती वाटायची.

एकदा साहूनं खरंच कमी सांगितलं. तिच्यासमोरच मात्र एका गिऱ्हाइकाकडून त्याच पिशवीचे जास्त घेतले. तिनं विचारल्यावर तो ओशाळला. सरकारी कागदावर जास्त भाव गेला तर छापा पडेल असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं समजावलं, दुकानाचं नाव कुठेही जाहीर होत नाही. पण टॅबवर आकडा भरताना तिचं बोट जरा अडखळलं; मग तिनं गिऱ्हाइकानं दिलेला भावच भरला.

संध्याकाळी चहा घेताना तिनं हे रवींद्रला सांगितलं. तो म्हणाला, “त्यानं सांगितलं तेच लिहायचं होतंस. एका दुकानानं असा काय फरक पडतो?”

“फरक पडत नसेल तर खोटं तरी कशाला लिहू?”

“मग हप्ता तूच वाढवतेस म्हणायचा.”

तो हसत म्हणाला होता, पण ते तिला लागलं. दोघं काही दिवस कामापुरतंच बोलत होते.

हप्ता आणखी वाढायला नको असेल तर कर्जाची मुदत वाढवा, असं बँकेनं सुचवलं. तसं केलं तर रवींद्र निवृत्त झाल्यावरही कर्ज उरणार होतं. शेवटी त्यांनी फ्लॅट भाड्यानं दिला आणि मंडीदीपला कमी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. कारखाना जवळ आला. मंजूषाला मात्र बाजारांसाठी रोज बसनं भोपाळला यावं लागे.

गंमत अशी की वर्ष सरता सरता तेल उतरलं. ती हौसेनं उतरलेला आकडा लिहून आली. व्याज मात्र ढिम्म. रवींद्रनं विचारलं, आता का नाही कमी करत? तिला ठाऊक होतं तेवढं तिनं सांगितलं: तेल उतरलं, पण गहू चढला, दूध चढलं. तिकडे अमेरिकेत व्याज वाढलंय, आपलं आत्ताच उतरवलं तर पैसा तिकडे पळेल, रुपया पडेल, आणि बाहेरून येणारं सगळं पुन्हा महाग होईल.

“म्हणजे आपल्या हातात काहीच नाही,” रवींद्र म्हणाला. पण या वेळी आवाजात तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी तो तिला सोडायला बसपर्यंत आला, आणि मग येतच राहिला.

दर उतरायला दोन हजार पंचवीस उजाडलं. हप्ता हलका झाला, तशी भाडेकरूंना सूचना देऊन दिवाळीआधी दोघं बाग सेवनियात परतले. रवींद्रनं बैठकीला नवा रंग काढला. मंजूषानं पडदे शिवायला टाकले खरे, पण मोठं कपाट घ्यायचं तिनं पुढे ढकललं. रुपया पुन्हा घसरत होता.