भिंतीच्या दोन बाजू

नीलगंगा होसमनी इंजिनियर झाली तेव्हा तिच्या अप्पाला वाटलं, पोरगी आता पूल बांधणार. अप्पा स्वतः कालव्यावर गेट उघडायचं काम करायचा. त्याच्या लेखी पुलाइतकं मोठं काम दुसरं नव्हतं. पण होन्नकेरीच्या बांधकाम खात्यात नीलगंगाच्या वाट्याला आली ती जुन्या सरकारी इमारतींची देखभाल. गळकी छपरं, फुगलेले दरवाजे, वाळवीनं पोखरलेल्या चौकटी. सुट्टीला घरी गेली की अप्पा विचारायचा, "पोरी, यंदा तरी काही बांधलंस का?" ती हसायची आणि ताटातली रोट्टी मोडायला लागायची.

होन्नकेरीत बाजाराच्या मागे सरकारची एक लांब, माती-दगडाची इमारत होती. मधोमध एकच भिंत. पश्चिमेकडं शेती खात्याचं बियाण्यांचं गोदाम, पूर्वेकडं शाळेचं स्वयंपाकघर. शेती खात्यानं बोलावलं म्हणून नीलगंगा गोदाम बघायला गेली, तर ती मधली भिंत पोट काढून उभी होती. तिनं गोदाम धोकादायक ठरवलं. आठवड्याभरात पोती हलली, दाराला कुलूप लागलं.

मग ती वळसा घालून पलीकडं गेली. स्वयंपाकीण संगव्वा चुलीशी बसून डाळ घोटत होती.

"अक्का, ही भिंत चांगली नाही. चूल दुसरीकडं हलवायला सांगा."

"मी कुणाला सांगू गं? तूच सांग. तू साहेबीण आहेस."

नीलगंगानं सांगितलं, लेखीही कळवलं. शाळांच्या इमारती तपासणारे इंजिनियर वेगळे, त्यांचे नियमही वेगळे. त्यांच्या नियमात वर्गखोल्या तेवढ्या बसत होत्या, स्वयंपाकघर बसत नव्हतं. उत्तर आलं की सदर शाळा सुस्थितीत आहे. भिंत तीच होती. एका बाजूनं धोकादायक, दुसऱ्या बाजूनं सुस्थितीत.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती भिंत पडली. ना पाऊस, ना वारा. मुलं पटांगणात प्रार्थनेला उभी होती म्हणून वाचली. संगव्वा आत तांदूळ धूत होती, ती ढिगाऱ्याखालीच गेली.

पुढं चौकशी झाली. शेती खातं म्हणालं, आम्ही जागा केव्हाच सोडली. शाळेचं खातं म्हणालं, मूळ बांधकाम आमचं नव्हे. नीलगंगाचं पत्र सापडलं, त्यामुळे तिला कुणी बोल लावला नाही. पण तिला त्यानं बरं वाटलं नाही.

संगव्वाचा नवरा द्यावप्पा एका दुपारी तिच्या कचेरीत आला. हमाली करणारा, रुंद हाडाचा माणूस. बस म्हटलं तरी बसला नाही.

"अक्का, एवढंच सांगा. ती भिंत कुणाची होती?"

"सरकारची होती, अण्णा."

"ते मलाही ठाऊक आहे. सरकारात कुणाची? ज्या दारात जातो तो पुढचं दार दाखवतो."

"कुणीच आपली मानली नाही," नीलगंगा म्हणाली. द्यावप्पा टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला.

त्या प्रकरणानंतर जिल्ह्याच्या डीसी मॅडमनी, म्हणजे जिल्हाधिकारी बाईंनी, सगळ्या खात्यांची समिती नेमली. सरकारी इमारत कुठल्याही खात्याची असो, ती तपासायची, दुरुस्त करायची किंवा बंद करायची पद्धत एकच असावी, असं त्यांचं म्हणणं. मसुदा लिहायचं काम नीलगंगावर आलं. पहिल्याच बैठकीत ती बोलली, "धोका दिसला की कुठल्याही खात्याच्या इंजिनियरनं इमारत बंद करावी. बाकीच्यांनी ते मानावं."

शिक्षण खात्याचे मकबूलसाब नदाफ टेबलावर पुढं झुकले. केस पिकलेले, आवाज खणखणीत.

"बाई, तुम्ही कुलूप लावून जीपमध्ये बसणार. माझी पोरं कुठं बसणार? लिंबाखाली?"

"जीव तर वाचेल, सर."

"कापूस फुटलाय रानात. शाळा चार दिवस बंद झाली तर आईबाप पोरं वेचणीला नेतात. गेलेलं पोर परत येत नाही, निदान पोरगी तर नाहीच. तीही इजाच आहे. ती तुमच्या मसुद्यात कुठं आहे?"

कुणीतरी हसलं. नीलगंगाचे कान तापले. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की हा माणूस बरोबर बोलतोय. तिनं इमारती मोजल्या होत्या, आतल्या माणसांचा विचार केला नव्हता.

पुढचे दोन महिने ती नदाफसाहेबांबरोबर तालुका फिरली. वाटेत टपरीवर मिरचीभजी आणि मंडक्की, म्हणजे चुरमुरे, खात दोघं तावातावानं भांडायची. फिरता फिरता एक गोष्ट दोघांनाही दिसली: गावोगाव सरकारच्या धडधाकट खोल्या कुलूप लावून पडल्या होत्या. एका खात्याच्या छपराखाली माणसं जीव मुठीत धरून बसत आणि रस्त्यापलीकडं दुसऱ्या खात्याची रिकामी खोली धूळ खात असे. मसुद्यात नवा नियम आला. इमारत बंद करणाऱ्यानं त्याच दिवशी दुसरी जागा दाखवायची, आणि रिकामी सरकारी खोली कुठल्याही खात्याची असली तरी ती उघडून द्यायची. मोजमाप सगळ्यांना एकच, स्वयंपाकघरं, संडास, गोदामं धरून.

या नियमावरच सर्वांत जास्त खळखळ झाली. भिंत पाडायला लोक तयार होते, किल्ली द्यायला नव्हते. पण डीसी मॅडमनी सही केली.

नियमाचा पहिला उपयोग करेकलच्या शाळेत करावा लागला. तिथली मागची भिंत बघितल्यावर नीलगंगानं तिथंच नोटीस लावली. समोर रेशीम खात्याचं, रेशीमकोशांच्या लिलावाचं जुनं सभागृह होतं, कितीतरी वर्षं बंद. फोन केला तर तिथले अधिकारी म्हणाले, किल्ली हरवली आहे, वर विचारावं लागेल. तिनं पंचायतीच्या माणसांसमोर कुलूप तोडलं. मुलांनी आपापल्या पाट्या-दप्तरं उचलली आणि रस्ता ओलांडून आत जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिच्या विरोधात तक्रार गेली होती.

तक्रार पुढं मिटली. पण करेकलची भिंत पडली नाही. पावसाळा गेला, दुसरा आला, भिंत तशीच. नीलगंगा गावात शिरली की पारावरची माणसं विचारत, "काय साहेबीणबाई, पडली का तुमची भिंत?"

"अजून नाही," ती म्हणायची.

"आमच्या आजोबांनी बांधलेली आहे ती. तुमच्या नोटिशीनं नाही पडायची!"

रात्री तिला वाटायचं, आपण भिऊन तर नाही ना वागलो? संगव्वाच्या भीतीनं आता प्रत्येक भिंत पोट काढलेली दिसते का आपल्याला? तिनं पुन्हा जाऊन ओळंबा लावून बघितला. ठरलेल्या मापापेक्षा भिंत कलली होती. माप आता तिच्या एकटीचं नव्हतं, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं; एवढा एक आधार होता.

शेवटी भिंत उतरवायचा हुकूम आला. उतरवायच्या दिवशी गाव जमलं. पहारीला दगड दाद देईनात, मजूर घामाघूम झाले, बघे टाळ्या पिटायला लागले. नीलगंगा उन्हात उभी राहिली. शेजारी नदाफसाहेब आले. ते महिन्याभरात निवृत्त होणार होते.

"सर, ही भिंत अजून वीस वर्षं उभी राहिली असती का?"

"राहिलीही असती. मला काय ठाऊक!" त्यांनी समोरच्या सभागृहाकडं मान वळवली. "तिथली एकही पोरगी यंदा वेचणीला गेली नाही. माझ्यापुरतं तेवढं पुरे."

आतून पाढ्यांचा आवाज येत होता. एक छोटी मुलगी दारात येऊन तक्रार करून गेली की आत अजून रेशमाच्या किड्यांचा वास येतो. नीलगंगानं ते ऐकून घेतलं, सभागृहाच्या मागच्या बंद खिडक्या बघितल्या, आणि सुताराला बोलवायला सांगितलं.