एटापल्लीला नेलेले अल्बम

देवराव दोन वर्षं आम्हाला टाळत होता. भद्रावतीच्या कॉलनीत आम्ही तिघं एकाच टेपरेकॉर्डरभोवती वाढलो: मी, रेडिओदुरुस्ती करणारा सलीम आणि मास्तरकीसाठी एटापल्लीला जाऊन तिथंच राहिलेला देवराव. दर हिवाळ्यात एकाच्या घरी जमायचं, प्रत्येकानं एक आवडता अल्बम आणायचा आणि तो संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा आमचा नेम. देवराव मात्र हल्ली काही ना काही कारण काढायचा. यंदा सलीमनं विचारलंच नाही. ‘शनिवारी येतो’ एवढा मेसेज टाकला आणि गाडी काढली.

चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असा रस्ता. वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर आष्टीला चहा आणि गरम आलूबोंडे घ्या. पेट्रोल आलापल्लीलाच भरा, पुढं भरवसा नाही. आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंनी साग दाटत जातो. ट्रकांनी रस्ता उखडलाय, त्यामुळं शेवटच्या तीस किलोमीटरला तासाभराहून जास्त लागला. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती.

देवरावनं हसून स्वागत केलं, पण बोलणं सगळं त्याची बायको शांताबाईच करत होती. भात, लाखोळीची डाळ आणि वांग्याची भाजी जेवून आम्ही अंगणात बसलो. पहिला अल्बम माझा, बासरीचा. देवराव डोळे मिटून मान डोलावत होता. बासरी थांबली, सलीमनं स्पीकर बंद केला, तरी देवरावची मान डोलतच राहिली.

शांताबाई उठून आत गेल्या.

सलीमनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. देवरावनं डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि बासरी केव्हाच थांबलीय हे त्याला कळलं.

“मले बासरी ऐकूच येत नाई,” तो म्हणाला. “कानात मशीन घातली तं गाणं पत्र्यावर गोटे पडल्यावानी वाटते.”

“काऊन नाई सांगितलं बे?” सलीमनं त्याच्या कानाजवळ जाऊन विचारलं.

“सांगून का करू? तुम्ही माह्यासाठी गाणे आणनं बंद केलं असतं.”

सलीमनं दुकानात गिऱ्हाईकाला विचारावं तसं विचारायला सुरुवात केली: तबला येतो का, बायकांचा आवाज येतो का, ढोलक? बारीक, उंच सूर गेले होते. जाड, खालचे अजून शाबूत होते. मग नेम मोडून दुपारभर आम्ही आणलेलं सगळं थोडं थोडं वाजवत बसलो. सलीमच्या एका जुन्या कव्वालीत मुख्य गायकामागं जाड आवाजाचा कुणी साथीदार होता. त्याचा आवाज लागला तसा देवराव सरळ बसला आणि त्याच्या बरोबरीनं गुणगुणू लागला. सुरात होता. शांताबाई दाराशी येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

रविवारी दुपारी निघालो. परतताना सलीम म्हणाला, की दोन वर्षं रुसून बसलो, त्यापेक्षा आधीच यायला पाहिजे होतं.

आता भद्रावतीत रोज संध्याकाळी मी देवरावसाठी जाड, खालच्या आवाजांची गाणी निवडून पाठवतो. आयुष्यभर ऐकलेल्या अल्बममध्ये मागं बसून गाणारी माणसं मला आत्ता ओळखू यायला लागली आहेत. त्यांची नावं कुठंच छापलेली नाहीत.