डाउनलोडमध्ये सापडलेला पाय

मापकाका माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी पायाकडे बघायचे. रस्त्यात कुणी भेटून "काय काका, बरं आहे ना?" म्हणालं, तर ते आधी खाली बघणार आणि मग मान वर करून म्हणणार, "डावी टाच बाहेरून झिजलीय तुझी. कंबर दुखते का?" ती दुखत असायचीच. त्यामुळे त्यांचं खरं नाव कागदोपत्री राहिलं आणि आधी गल्लीने, मग हॉस्पिटलानेही त्यांना मापकाकाच करून टाकलं.

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, रंगाच्या दुकानाला लागून त्यांची जागा होती. पुढच्या खोलीत काम, मागे घर. साधे बूट ते शिवत नसत. एक पाय आखूड, टाच वळलेली, अपघातात घोट्याचा चुरा झालेला, अशी माणसं त्यांच्याकडे यायची. "सरळ पायाला कुणीही बूट घालील," ते म्हणायचे, "वाकड्या पायाची समजूत काढावी लागते." भिंतीवर खुंट्यांना लाकडी साचे टांगलेले असत. प्रत्येकाच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेलं: शाळेच्या बाई, लिफ्टवाला, हसरी आजी. एकेचाळीस वर्षांत त्यातला एकही इकडचा तिकडे झाला नव्हता.

हरवायला लागलं ते फोनमध्ये.

पूर्वी हॉस्पिटलमधून पायाचा आराखडा मोठ्या कागदावर यायचा. दोन वर्षांपूर्वी तो फोनवर यायला लागला. मेसेजमध्ये एक निळी ओळ असायची. ती दाबली की खाली तोंड केलेला बाण दिसायचा. बाण दाबला की स्क्रीनच्या कडेला एक पट्टी सरकायची, 'डाउनलोड पूर्ण झाले' अशी अक्षरं डोकावायची, की झाली गुडूप. पट्टी असतानाच तिच्यावर बोट टेकवलं, तर चित्र उघडायचं. काकांचं बोट चामड्यावर कितीही चपळ असलं, तरी काचेवर ते पाहुण्यासारखं बिचकत चालायचं. पट्टी निसटली की ते पुन्हा निळी ओळ दाबायचे, पुन्हा बाण, पुन्हा पट्टी. चौथ्या-पाचव्या खेपेला पट्टी घावायची. मग फोन चामडं चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्याला टेकवून ते बसल्या बसल्या आकडे वहीत उतरवून घ्यायचे. आधीच्या खेपांचं डाउनलोड कुठे गेलं, हा प्रश्न त्यांना पडायचा, पण विचारायचं कुणाला? एवढ्या नावाजलेल्या माणसाने "मला फोन वापरता येत नाही" म्हणायचं म्हणजे नाकच कापून घ्यायचं.

ह्या रीतीने दोन वर्षं निभावली. टपालताईंच्या पायापाशी मात्र गाडं अडलं.

टपालताई म्हणजे त्या भागात पत्रं आणि पार्सलं वाटणाऱ्या बाई. पंचेचाळिशीच्या, आवाज खणखणीत. जिन्यावरून पडून उजवा पाय मोडला, तो जुळला, पण अडीच सेंटिमीटर आखूड जुळला. सहा महिन्यांच्या रजेनंतर येत्या सोमवारी त्या कामावर हजर होणार होत्या. वरचं चामडं शिवून तयार होतं, पण सोल किती, कुठे आणि किती उताराने उचलायचा, ते सगळं हॉस्पिटलच्या आराखड्यात होतं. आराखडा आला त्याच दिवशी काकांनी बाण दाबला, पट्टी निसटली, आणि संध्याकाळी त्यांना सडकून ताप भरला. नऊ दिवसांनी उठून त्यांनी निळी ओळ दाबली, तर समोर आलं: 'ही लिंक बंद झाली आहे.' वार शनिवार. हॉस्पिटलचं आराखडे पाठवणारं खातं सोमवारशिवाय उघडणार नव्हतं.

नाइलाजाने त्यांनी परगावी नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला.

"बाबा, सोपं आहे," ती म्हणाली. "फोनमध्ये 'फाइल्स' लिहिलेलं एक चित्र असेल. दिसलं का?"

"नाही."

"नीट बघा ना. काय काय दिसतंय?"

"भिंत दिसतेय. कॅलेंडर दिसतंय."

"बाबा! फोन कानाला लावलाय का तुम्ही?"

"मग फोन कुठे लावतात?"

स्पीकर चालू करायला सांगितला, तर त्यांनी फोनच बंद करून टाकला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा मुलीची मीटिंग सुरू झाली होती. मागच्या खोलीतून काकू म्हणाल्या, "अहो, टपालताई चार वाजता येणार आहेत. त्यांना सरळ सांगा."

"सांगतो की. जरा शेवटचा हात फिरवायचा राहिलाय, असं सांगतो."

"म्हणजे खोटं सांगणार."

तसा हा माणूस खोटारडा नव्हता. पण फोनचा विषय निघाला की त्यांच्या तोंडून 'हो हो, बघितलं' हे इतकं सहज निघून जायचं की खोटं बोललो हे त्यांच्याही ध्यानात येत नसे.

टपालताई चारला पाच मिनिटं असतानाच काठी टेकत आल्या आणि बाकावर बसल्या. काकांनी शेवटचा हात फिरवण्याची गोष्ट सुरू केली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, नुसत्या उभ्या. ते बघून काकांची गोष्ट मध्येच आटली.

"ताई," ते म्हणाले, "तुमचा पाय माझ्या फोनमध्ये आहे आणि मला तो सापडत नाहीये."

टपालताईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. हसल्या मात्र नाहीत. हात पुढे करून म्हणाल्या, "आणा इकडे. नाही, तुमच्याच हातात ठेवा, मी नुसतं सांगते. आमच्याकडे पार्सल वाटलं गेलं नाही, तर ते काय हरवतं का? मागच्या खोलीत पडून राहतं. तसंच आहे हे. वर सरकवा. बास. आता ते पिवळं चित्र, फाइल्स लिहिलेलं. दाबा. आत काय म्हणतंय?"

"डाउनलोड."

"झालं! उघडा."

काकांनी उघडलं, आणि काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणजे काय ते त्यांना त्या वयात कळलं. दोन वर्षांतले सगळे पाय तिथे ओळीने बसले होते. शाळेच्या बाईंचा पाय सहा वेळा, लिफ्टवाल्याचा चौदा वेळा. आणि सगळ्यात वर, सगळ्यात ताजा, टपालताईंचा.

"तुमच्या फोनमध्ये माणसं कमी आणि पायच जास्त झालेत, काका," टपालताई आता मात्र मोकळेपणी हसल्या. "जास्तीचे पुसून टाका, नाहीतर एक दिवस फोनलाच चालता येणार नाही."

काकांनी आधी आकडे वहीत उतरवले, दोनदा पडताळले. टपालताईंना उद्या दुपारी यायला सांगितलं. त्या गेल्यावर, नवी विद्या लाभलेल्या माणसाच्या हौसेने, ते एकेक जास्तीचा पाय पुसत यादी खाली खाली सरकवू लागले. आणि नऊ महिन्यांपूर्वीच्या एका तारखेशी त्यांचं बोट थांबलं. फाइलीला नाव होतं: 'दादाचे पाय'.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. काकांच्या हातात चामडं कापायची पहिली रापी त्यानेच दिली, पहिला टाका त्यानेच घालायला शिकवला आणि पहिली थप्पडही त्यानेच मारली. म्हातारपणी काम सोडून तो मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला होता. मुलाने तिथे नवं घर घेतलं होतं. नऊ महिन्यांपूर्वी पुतण्याच्या मेलवरून काहीतरी आलं, काकांनी बाण दाबला, पट्टी निसटली. त्या संध्याकाळी दादाचा फोन आला, "पाठवलंय ते बघितलंस का?" घराचे फोटो असणार, दुसरं काय? काका म्हणाले होते, "बघितलं की! एकदम मस्त, दादा! कसं मोकळं मोकळं वाटतंय." त्यावर दादा नुसतं "बरं, ठेवतो" म्हणाला. तेव्हापासून त्याचं बोलणं तुटक झालं. फोन केला तर हो-नाही एवढंच. वयाने चिडचिडा झालाय, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्यांनी फाइल उघडली. कागदावर पेन्सिल फिरवून काढलेले दोन पाय होते. रेघ दादाची, हजारात ओळखू येणारी. डावा पाय धड होता. उजव्याच्या पुढे रेघ अंगठ्याला वळसा घालून पुढे आली होती आणि शेजारची दोन बोटं असायला हवीत तिथे आत गेली होती. खाली लिहिलं होतं: 'साखरेपायी उजव्याची दोन बोटं काढली. तू धावत येशील म्हणून कळवलं नाही. बाजारातला कुठलाच बूट बसत नाही. तुला जमेल का? घाई नाही.'

काकू चहा घेऊन आल्या, तर नवरा फोन मांडीवर ठेवून पुतळ्यासारखा बसलेला. त्यांनी वाचलं. चहाचा कप त्यांनी बाजूला ठेवला.

"मी मस्त म्हणालो गं," काका म्हणाले. "मोकळं मोकळं म्हणालो."

"फोन लावा."

"कुठल्या तोंडाने लावू?"

"ज्या तोंडाने मस्त म्हणालात त्याच. दुसरं आहे का?"

पण काकांनी फोन लावला नाही. फोनवर हे नीट सांगता येणार नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ह्या बाबतीत काकूंनाही ते पटलं. रविवारी दुपारी टपालताई आल्या, नवा बूट घालून दुकानाच्या दारापासून रंगाच्या दुकानापर्यंत गेल्या, वळल्या, आणि काठी बाकावरच राहिलीय हे त्यांच्या परत आल्यावर लक्षात आलं. एरवी काकांनी असा दिवस महिनाभर मिरवला असता. त्या दिवशी त्यांनी नुसती मान डोलावली आणि त्या निघायच्या आत ते दादाचा साचा तासायला बसले.

चार दिवसांनी ते बसने निघाले. पिशवीत रापी, आरी, मेण लावलेला दोरा आणि अर्धाच शिवलेला बुटांचा जोड. सोल मुद्दामच लावला नव्हता. नऊ महिन्यांत पाय बदलतो, ताजं माप घेतल्याशिवाय बूट पुरा करायचा नाही, हे दादानेच शिकवलेलं.

दार दादानेच उघडलं. काका सवयीप्रमाणे आधी खाली बघते झाले. पायात पुतण्याच्या का कुणाच्या जुन्या मोठ्या सपाता, उजवीचा पुढचा पट्टा कात्रीने कापून वर कापड गुंडाळलेलं. बसमध्ये तीन तास जुळवलेलं वाक्य जागच्या जागी विरलं.

"आत ये," दादा म्हणाला. "कसा काय आलास?"

"दादा, मी ते बघितलंच नव्हतं."

"काय?"

"तू पाठवलं होतंस ते. मला डाउनलोड सापडत नाही. सापडत नव्हतं. मला वाटलं घराचे फोटो आहेत."

दादा खुर्चीत बसला. कपाळावर आठ्या चढल्या, मग हळूहळू एकेक उतरत गेली. "म्हणजे मस्त ते घर?"

"घर."

"आणि मोकळं मोकळं?"

"तेही घरच."

"अरे गाढवा," दादा म्हणाला, "नऊ महिने मी रोज सकाळी ह्या पायाकडे बघतोय आणि विचार करतोय, ह्याला ह्यात मस्त काय दिसलं!" आणि त्याला असं काही हसू फुटलं की दादाची सून पाणी घेऊन धावत आली. तिला दोघं म्हातारे डोळे पुसताना दिसले. हसून पाणी आलं की कशाने, ते तिने विचारलं नाही.

मग काकांनी जमिनीवर कागद अंथरला, गुडघे टेकले आणि दादाचा पाय हातात घेतला. पेन्सिल रिकाम्या जागेपाशी आली तेव्हा दादा छताकडे बघत होता.

"दुखतं?"

"दुखत नाही. नसलेली बोटं खाजतात मात्र कधी कधी. कुणाला सांगायची सोय नाही."

"मला सांगायचंस."

"तुला सांगितलं की तू मस्त म्हणतोस."

काका तीन दिवस राहिले. गॅलरीत चटई टाकून दोघं बसत. दादा दोऱ्याला मेण लावून द्यायचा, काका टाका घालायचे. रिकाम्या जागेत मऊ लोकरीचा उंचवटा बसवला, पुढे पाय घसरू नये म्हणून. मध्येच काकांनी फोन काढून दादाला फाइल्स उघडायला शिकवलं. शिकवताना त्यांचा आवाज इतका जाणत्यासारखा झाला की सुनेने तोंडाला पदर लावला.

चौथ्या दिवशी सकाळी दादा बूट घालून खाली उतरला. कठड्याला हात न लावता. काका दोन पावलं मागे, नजर टाचांवर. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं, पण दादा कोपऱ्यावरून वळला, पुढचा चौक ओलांडला आणि फळवाल्याच्या गाडीपाशी जाऊन थांबला. फळवाल्याने वाकून बघितलं.

"आजोबा, नवीन बूट?"

"धाकट्या भावाने शिवलेत," दादा म्हणाला. पाय जरा पुढे करून दाखवला. "टाका अजून थोडा लांब घालतो. पण शिकेल."