बैलबाजारातला सेन्सर

ज्ञान अखंड आहे, त्याच्या शाखा पाडता येत नाहीत, असं आमचे प्राचार्य प्रत्येक उद्घाटनात सांगतात. त्या दिवशी केबिनमध्ये ते मला म्हणाले, "सर, मराठीला या संशोधन-निधीच्या योजनेत जागा नाही. फक्त सायन्स-टेक्नॉलॉजी."

मी लातूरला मराठी शिकवतो. माझी विद्यार्थिनी संगीता लोहा गावची. बैलबाजारातली हातभाषा हा तिचा पीएच.डी.चा विषय. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. संगीतालाही कळत नव्हतं. तिला कुणी रुमालाखाली हात घालू देत नव्हतं. त्यात फेलोशिप संपत आलेली. निधी नाही मिळाला तर पीएच.डी. सोडून कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसायचं, एवढाच मार्ग होता.

"यात यंत्र कुठं आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

"बोटं आहेत."

"बोटांना अनुदान नाही."

फिजिक्सचे शेख सर मदतीला आले. "प्रस्तावात सेन्सरवाला हातमोजा टाका. बोट वाकलं की कॉम्प्युटरवर रेघ वाकते."

मोजा टाकला. विषयाचं नाव झालं 'स्पर्शसंकेतांचे डिजिटल मापन'. बाकी प्रस्ताव तोच. मंजूर झाला, संगीताची फेलोशिपही त्यात बसली. अट एकच: पहिल्या अहवालात संकेत दिसले पाहिजेत, नाहीतर सगळं बंद.

आम्ही तिघं लोह्याच्या बाजारात गेलो. संगीतानं मोजा चढवला, शेख सरांनी वायर लॅपटॉपला जोडली. दलाल गंगाधरमामा बघत होते.

"मशीन काढा, सर. भाव कॉम्प्युटरात चालला, तर आम्ही रुमाल कशाला टाकून राहिलो?"

शेख सरांनी जड मनानं वायर काढली. संगीता मोजाही काढायला लागली.

"ते राहू दे, पोरी," मामा म्हणाले. "तुझा उघडा हात कसा धरू? लोक बघून राहिलेत. मोज्यावरून चालतंय."

दोघांच्या हातांवर रुमाल पडला.

"मामा, हे बारा का बावीस?"

"बावीस म्हणलीस तर बैल लई महाग पडंल! तुझ्या सरांच्या दारात बांधावा लागंल."

दुपारपर्यंत तिला सगळी भाषा आली. अहवालात आम्ही संकेत लिहिले आणि खाली लिहिलं, 'सदर उपकरणाशिवाय हे संशोधन अशक्य होते.' ते शंभर टक्के खरं होतं. फेलोशिप चालू राहिली.

मी एवढंच शिकलो, की यंत्र मागावं. ते चालू करायचं का, हे नंतर ठरवता येतं.

निधी देणाऱ्या समितीनं खूश होऊन पुढच्या टप्प्यात डाव्या हाताचाही मोजा मंजूर केला. सौदा उजव्या हातानंच होतो.